लटारूजींचा विमानाचा सूट

बल्लारशाच्या लाकूड डेपोवर एक वेताची खुर्ची होती आणि लटारूजी वासेकरांचा जीव त्या खुर्चीत अडकला होता.

खुर्ची मॅनेजरची. जुने मॅनेजर म्हातारपणी वर्ध्याला लेकाकडे राहायला गेले, तेव्हापासून ती रिकामी पडली होती. लटारूजी त्याच डेपोचे मुनीम. अल्लापल्लीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, यायचे, हमाल पोचू आणि त्याची माणसं त्यांची साल सोलायची, मग गोलाई मोजायची, आणि लटारूजींनी सतरंजीवर मांडी घालून, उतरत्या डेस्कावर मान मोडून ती लिहायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अशी मांडीतच काढली. आता उठताना गुडघे आवाज करत, आणि तो आवाज ऐकून डेपोवरचं कुत्रं मान वर करी. दुपारी सगळे जेवायला गेले म्हणजे लटारूजी खुर्चीच्या हातांवरची धूळ पुसायला उठत आणि नको तितका वेळ पुसत राहत. बसत मात्र नसत. एक तर माणूस तत्त्वाचा, आणि दुसरं म्हणजे चौकीदार मुखरू दारातून टक लावून पाहत असे.

मालक बापूजी शेठ. लाकडाचे मोठे ठेकेदार, राहायला चांद्याला. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. बापूजींपुढे खुर्चीचा पेच होता. एकीकडे लटारूजी, ज्यांना लाकडातलं सगळं कळत होतं. दुसरीकडे शेठाणीबाईंचे धाकटे भाऊ पत्रूभाऊ, ज्यांना लाकडातलं काहीच कळत नव्हतं, पण ज्यांच्याकडे लग्नातला सूट होता. शेठाणीबाईंचा भाऊ असणं ही काही छोटी लायकी नव्हे, हे बापूजींसारख्या संसारी माणसाला सांगायची गरज नव्हती. म्हणून त्यांनी खुर्चीचा प्रश्न तसाच भिजत ठेवला होता.

अशात ऐन मे महिन्यात मुंबईहून तार आली. जहाजं बांधणाऱ्या एका कंपनीला चांगला साग पाहिजे होता. खरेदीचे मोठे साहेब, सेन नावाचे, शुक्रवारी दुपारी विलायतेला निघणार होते. त्याआधी नमुने घेऊन माणूस पाठवा, असं तारेत होतं. तार हातात पडली ती बुधवारी. आगगाडीने गेलं असतं तर साहेबांची पाठसुद्धा दिसली नसती.

"विमानानं जा लागते," बापूजी म्हणाले.

त्यांच्या चांद्याच्या घरी ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी आपोआप वर पाहिलं. चांद्यात विमानात बसलेला माणूस एकही नव्हता, त्यामुळे विमानाविषयी प्रत्येकाला खात्रीची माहिती होती.

"धोतरवाल्याले विमानात चढूच देत नाई," पत्रूभाऊंनी सुरुवात केली. "काऊन तं वर गेलं का धोतरात हवा भरते. एकदा का धोतर फुगलं, का पायलटले समोरचं काई दिसत नाई."

हे ऐकून बापूजी गंभीर झाले. त्यांनी लटारूजींच्या धोतराकडे असं पाहिलं, जणू त्या धोतराने आतापर्यंत एखादं विमान पाडलंच असावं.

"हे पाह्य लटारू," ते म्हणाले, "लाकूड तुले समजते, म्हून पहिला हक तुया. पन मुंबईचा साहेब आंधी कपडे पाह्यते, मंग लाकूड. सूट असन तं तू जाय. नसन तं पत्रू जाईन. आन जो हा सौदा आनन, खुर्ची त्याची."

आयुष्यभर ज्या लाकडाचा वास नाकात घेऊन लटारूजी झोपले, त्या लाकडाचा सौदा पत्रूभाऊ करणार, तेही एका पाटलोणीच्या जोरावर! त्यांचा स्वभाव गरीब होता, पण अपमान गरीब माणसाला जास्तच लागतो.

"सूट उद्या सकाळी तयार राह्यते जी," ते म्हणाले आणि ताडकन उठले. गुडघ्यांनी आवाज केला.

चांद्यातल्याच आपल्या घरी येऊन त्यांनी बायकोला, कमळाबाईंना, सगळं सांगेपर्यंत आळीला ते आधीच कळलेलं होतं. शेजारच्या इंदुताई, मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, नागपूरचं एक मासिक घेऊनच आल्या. त्यात विमानप्रवासाच्या पोशाखावर एक लेख होता. इंदुताईंनी चष्मा लावून शाळेत धडा वाचावा तसा तो वाचला. कपडे सुटसुटीत असावेत पण गबाळे नसावेत, सुती असल्यास उत्तम. वर थंडी असते आणि खाली उकाडा, म्हणून एकावर एक घालावेत, म्हणजे लागतील तसे काढता-घालता येतात. आणि मुख्य म्हणजे त्यात बिनघोर बसता आलं पाहिजे, कारण विमानात बसण्यावाचून दुसरं काम नसतं.

लेख लिहिणारा माणूस शहाणा होता यात शंका नाही. पण शहाण्या माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. त्या सबंध लेखातून आळीने दोनच गोष्टी उचलल्या: वर थंडी असते, आणि एकावर एक घालावेत.

"किती थंडी म्हनता ताई?" कमळाबाईंनी काळजीने विचारलं.

"हिमालयासारखी," इंदुताई म्हणाल्या आणि घरी जाऊन यजमानांचा लोकरी स्वेटर घेऊन आल्या.

मग समोरच्या घरातले सोमाजीभाऊ आले. सोमाजीभाऊ पेन्शनीत गेलेले पटवारी. जगातल्या कुठल्याही कायद्यात फट कुठे आहे ते त्यांना कायदा न वाचताच समजे. विमानात सामानाचं वजन करतात आणि ठरल्यापेक्षा जास्त नेऊ देत नाहीत, असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं.

"पन सामानाचं वजन करते, मानसाचं थोडीच करते?" डोळे मिचकावत ते म्हणाले. "जे जे जड हाये ते आंगावर घाल लटारू. सागाचे नमुने कोटाच्या खिशात टाक. पिशवी हालकी, तू मोकया."

आळीने सोमाजीभाऊंकडे कौतुकाने पाहिलं. अशा माणसाला सरकारने पेन्शनीत काढलं, हे सरकारचंच नुकसान.

आता राहिला खुद्द सूट. गोल बाजारात कापडवाल्याकडे मे महिन्यात गरम कापड एकच होतं: जंगल खात्याच्या हिवाळी ओव्हरकोटांसाठी मागवलेलं आणि उरलेलं, शेवाळी रंगाचं, घोंगडीइतकं जाड. ते घेऊन लटारूजी लच्छू शिंप्याकडे गेले. चांद्यात दुसरे शिंपीही होते, पण कोट-पाटलोण शिवणारा लच्छू एकटा, कारण जंगल गार्डांचे सगळे गणवेश तोच शिवत असे.

लच्छूने लटारूजींना ओट्यावर उभं केलं. "सावधान!" तो ओरडला. लटारूजी दचकून ताठ झाले. "बस, असेच राहा. हलू नका." त्याने भराभर मापं घेतली.

"जरा ढिला ठेव बाप्पा," लटारूजी ताठ मानेनेच म्हणाले.

"कपड्यात ढिलाई माह्या दुकानात चालत नाई भाऊ. साहेबानं तपासनीत एक सुरकुती पाह्यली का गार्डाले दंड."

ती पूर्ण रात्र लच्छूची मशीन खडखडत राहिली, आणि तरी सूट तयार झाला तो सकाळची नागपूरची गाडी निघून गेल्यावर. गाडीचा धूर दूर जाताना दिसत होता तेव्हा लटारूजी ओट्यावर कोट चढवत होते. कोट आला तो खांद्यांवर पट्ट्या घेऊन. छातीवर पितळेची बटणं. खिसे चार, आणि एकेका खिशात शेर शेर धान मावेल एवढे.

"खांद्यावर हे काय लच्छू?"

"हात तसाच चालते भाऊ. आता उसवलं तं कापड फाटन."

पण खरी गोष्ट लटारूजींना समजली ती बूट बांधायला बसायला गेले तेव्हा. ते अर्ध्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पाटलोण पुढे जाऊ देईना. मागून कोट धरून ठेवी, पुढून पोट. त्यांनी पुन्हा जोर केला. शिवण तेल लावलेल्या दुहेरी दोऱ्याची होती. ती हूं की चूं करीना.

"लच्छू, बसता येत नाई याच्यात!"

लच्छूला खरोखर आश्चर्य वाटलं. त्याने सुई तोंडातून काढली. "पन तुमी बसाचं कुठी सांगतलं? माप घेतलं तवा उभे तं होते. गार्डाचा कपडा उभ्या मानसाचाच राह्यते. साहेब तपासाले येते तवा तो उभा. बाकी टायमाले तो जंगलात लुंगीवरच राह्यते."

आता उसवायला वेळ नव्हता. बापूजी स्वतः सूट पाहायला येऊन उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लाटसाहेब दिसून राह्यला तू," ते म्हणाले. मागे पत्रूभाऊंचा चेहरा पडलेला होता. त्या चेहऱ्याकडे पाहून लटारूजींनी बसण्याचा विषय गिळला.

कमळाबाईंनी तयारी पुरी केली. आत एक सदरा, त्यावर दुसरा सदरा, त्यावर इंदुताईंचा स्वेटर. मुंबईला निजताना लागेल म्हणून धोतर कमरेभोवतीच गुंडाळलं. वर कोट. खालच्या दोन खिशांत सागाचे नमुने. वरच्या खिशात एक कांदा, कारण उन्हाळ्यात कांद्याशिवाय घराबाहेर पडलेल्या माणसाला लू लागते, हे चांद्यात तान्ह्या लेकरालाही माहीत असतं. डोक्याला ओला दुपट्टा बांधला. बाहेर ऊन असं होतं, की कावळेसुद्धा बोलत नव्हते.

"अजी, जमन ना तुमाले?" कमळाबाईंनी हळूच विचारलं.

"जमन," लटारूजी म्हणाले. मान हलवता येत नव्हती, म्हणून तोंडाने म्हणाले.

नागपूरची मोटर उभी होती. कंडक्टरने गणवेश पाहिला आणि पुढची सीट झटकून रिकामी केली. "बसा साहेब."

"मी उभाच बरा," लटारूजी म्हणाले.

सबंध मोटर त्यांच्याकडे पाहू लागली. पुढची गादीची सीट रिकामी, आणि जाडजूड कोटातला साहेब दांडा धरून तिच्याशेजारी उभा. एका म्हाताऱ्याने तर, साहेब उभा असताना आपण बसावं कसं म्हणून, उठून उभं राहण्याची तयारी केली; त्याला लटारूजींनी हातानेच खाली बसवलं. घामाची धार पाठीतून निघून धोतरात जिरत होती, आणि धोतर किती घाम पिऊ शकतं याचा त्यांना त्या दिवशी प्रथमच अंदाज आला.

वाटेत जंगल खात्याचा नाका आला. गार्ड पेंगत बाजेवर पडला होता. मोटरच्या खिडकीतून त्याला खांद्यावरच्या पट्ट्या आणि पितळेची बटणं दिसली. तो उडालाच. "सलाम साहेब!"

इतकंच करून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण साहेब उभ्याने प्रवास करतोय, म्हणजे नक्की तपासणीवर निघालाय, असं त्याने ताडलं आणि आपली कर्तबगारी दाखवायला सगळी मोटर उतरवली. गाठोडी सुटली. पेट्या उघडल्या. एका नवरदेवाच्या बाशिंगाचीही झडती झाली. शेवटी धुरपता नावाच्या एका म्हातारीच्या टोपल्यात पानांखाली जंगलातून बिनपरवाना आणलेली चारोळी सापडली. गार्डाने टोपलं लटारूजींपुढे आणून ठेवलं.

"साहेब, हिचं काय करू?"

लटारूजींनी आयुष्यात गार्डाला फक्त घाबरायचंच काम केलं होतं. लाकडाची गाडी सुटावी म्हणून ते गार्डापुढे हात जोडून कितीदा उभे राहिले होते, याची मोजदाद नव्हती. आज गार्ड हात जोडून उभा होता. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. मग उशिराची आठवण झाली.

"सोडून दे तिले. आन मोटर सोड. मले विमान पकडाचं हाये."

गार्डाने दुसरा सलाम ठोकला. विमान पकडायला निघालेला साहेब त्याने अजून पाहिला नव्हता. आपल्याकडून काही मोठीच कारवाई झाली असं त्याला वाटलं.

मोटर चालू झाल्यावर धुरपताबाईने आपल्या शेजारची जागा पदराने झाडली. "साहेब, लय उपकार झाले. बसा ना जी इथी."

"नाई बाई. राहू दे."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोठं मानूस झालं म्हंजे बसता बी येत नाई का जी?" तिने मनापासून विचारलं. लटारूजींनी दांडा आणखी घट्ट धरला.

सोनेगावच्या विमानतळावर ते पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता. एका खोलीत काटा होता, जिनात कापसाचे बोजे मोजतात तसलाच. काट्यामागे टक्कल पडलेला एक बाबू. त्याने लटारूजींची पिशवी ठेवली. काटा जेमतेम हलला. लटारूजींनी मनातल्या मनात सोमाजीभाऊंना नमस्कार केला.

"छान," बाबू म्हणाला. "आता आपण चढा."

"मी?"

"तुम्हीच तर जाणार ना? डाकेच्या थैल्या आज जास्त आहेत. प्रत्येकाला मोजूनच घ्यायचंय."

लटारूजी काट्यावर चढले. चढले म्हणजे बाबूने आणि एका हमालाने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून चढवलं, कारण पाटलोणीत पाय उचलता येत नव्हता. काटा धाडकन खाली गेला. बाबूने लटारूजींच्या बारीक मानेकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग परत मानेकडे.

"तुम्ही एकटेच आहात ना आत?"

त्याने कोटाला बोट लावून पाहिलं. खिशात सागाचे तुकडे खडखडले. कांदा टुणकन बाहेर पडला आणि खोलीभर घरंगळत जाऊन एका मेमसाहेबांच्या पायाशी थांबला. मेमसाहेबांनी पाय वर घेतले.

"हे चालणार नाही," बाबू शांतपणे म्हणाला. "हे वरचं वरचं सगळं काढा. मग पुन्हा मोजू."

हे वाक्य लटारूजींच्या ओळखीचं होतं. डेपोवर एखादा हुशार गाडीवान सालीसकट लठ्ठा मोजून घ्यायला आला, की ते मान वर न करता हेच म्हणत: साल काढा, मग मोजू. साल जाड असली की लाकूड बारीक निघतं, असंही ते वर ऐकवत.

"काढलं तं... काय काय काढा लागन?" त्यांनी विचारलं.

"हा कोट आणि पाटलोण राहिली तर तुमचे लाकडाचे तुकडे जाणार नाहीत. तुकडे न्यायचे असतील तर कोट-पाटलोण जाणार नाही. नाहीतर पुढच्या विमानाने या."

पुढच्या विमानापर्यंत सेनसाहेब विलायतेत चहा पीत असते. लटारूजी बाबूच्या मागच्या खोलीत गेले आणि नमुने एका टेबलावर मांडून त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. बापूजी म्हणाले होते, आधी कपडे, मग लाकूड. सुटाशिवाय गेलो तर खुर्ची पत्रूभाऊंची. नमुन्यांशिवाय गेलो तर साहेबाला दाखवू काय, पितळेची बटणं? त्यांना रडू आलं. मे महिन्यात, घोंगडीचा सूट घालून, परक्या गावात माणूस रडला तर त्याला हसू नये. डोळे पुसायला हात वर केला तर काखेत कोट आवळला, आणि हात अर्ध्यावरच राहिला.

तिथे मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी कोट काढला. स्वेटर काढला. वरचा सदरा काढला. पाटलोण काढायला हमालाची मदत घ्यावी लागली; तो उशाचा अभ्रा ओढावा तशी ती ओढत मागे मागे गेला. कमरेचं धोतर सोडून त्यांनी झटकलं, घामाने भिजलेलंच नीट नेसलं, आणि दाराच्या फटीतून आलेली वाऱ्याची झुळूक पोटऱ्यांना लागली तेव्हा लटारूजींनी डोळे मिटून घेतले. चांद्याहून निघाल्यापासून ते पहिल्यांदाच बाकावर बसले. नुसते बसले. फार बरं वाटलं त्यांना.

नमुने दुपट्ट्यात बांधून ते काट्यावर चढले, या वेळी स्वतःच्या पायांनी. बाबूने मान डोलावली. कोट खुंटीवर टांगला, आणि मेमसाहेबांकडून परत आलेला कांदा लटारूजींच्या हातात ठेवला. "हा न्या. याला हरकत नाही."

विमानात त्यांच्या शेजारी एक शेठजी मांडी घालून बसले होते. धोतरात. पलीकडे आणखी एक धोतर होतं. विमान वर गेलं. लटारूजी श्वास रोखून पाहत राहिले, पण कोणाचंच धोतर फुगलं नाही. थोडी थंडी वाजली तेव्हा त्यांनी नमुने पिशवीत टाकून दुपट्टा पांघरला; मुंबई जवळ आली तेव्हा काढून त्यात नमुने पुन्हा बांधले. इंदुताईंच्या मासिकातला तो माणूस हेच सांगत होता, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आळीला ते समजावणं त्यांच्या शक्तीबाहेरचं होतं.

सकाळी ते सेनसाहेबांच्या हापिसात गेले. चपराशाने आत जाऊन वर्दी दिली, "साब, चांदा से पार्टी आया है," आणि आतून खुर्ची सरकल्याचा, कोणी घाईने बूट शोधत असल्याचा आवाज आला. लटारूजी दार ढकलून आत गेले तेव्हा एक लठ्ठसे, गोरेघारे बंगाली गृहस्थ एक हात कोटात घालून, दुसऱ्या हाताने टायची गाठ ओढत, लालबुंद चेहऱ्याने उभे होते. त्यांनी लटारूजींचं धोतर पाहिलं. सदरा पाहिला. हातातलं गाठोडं पाहिलं. लटारूजींनी मनात खुर्चीला शेवटचा रामराम केला.

सेनसाहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि कोट काढून फेकला. टाय काढली. बूटही काढले.

"बैठिए, बैठिए," ते पंख्याखाली कोसळत म्हणाले. "कल से जो आता है, सूट पहनकर आता है. तो हमको भी पहनना पड़ता है. इस गर्मी में! आप पहला समझदार आदमी आया."

मग त्यांनी नमुने नखाने कोरून पाहिले, वास घेतला, दोन-चार प्रश्न विचारले. लटारूजींनी मांडी घालूनच उत्तरं दिली, कारण साहेब स्वतः पाय वर घेऊन बसले होते. साहेबांच्या घामाला उपाय म्हणून त्यांनी खिशातला कांदा देऊ केला आणि त्याचे गुण सांगितले. साहेब पोट धरून हसले, पण कांदा ठेवून घेतला. सौद्याच्या कागदावर सही झाली तेव्हा चहा अजून गरम होता.

परतीचा प्रवास आगगाडीचा. नागपूरला उतरून लटारूजींनी बाबूकडून सूट घेतला. धोतरातच घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण स्टेशनवर बापूजी असणार. फर्मच्या खर्चाने शिवलेला सूट खुंटीवर टांगून आपण साहेबापुढे धोतरात बसलो, हे त्यांना फलाटावर, चारचौघांत कसं सांगायचं? सांगू, खुर्ची मिळाल्यावर निवांत सांगू, असं ठरवून त्यांनी भांदक स्टेशन गेल्यावर सूट चढवला आणि चांद्यापर्यंत दारात उभे राहिले.

फलाटावर बापूजी होते, सोमाजीभाऊ होते, इंदुताई होत्या, बँडही होता. बँडवाल्यांचे गणवेशही लच्छूनेच शिवलेले, त्यामुळे लटारूजी त्यांच्यातलेच एक वाटत होते. लटारूजींनी सही केलेला कागद पुढे केला. बापूजींनी कागद वाचलाच नाही. त्यांनी कोटाची बाही पकडली.

"मी काय म्हनलो होतो?" ते सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल असं ओरडले. "आंधी कपडे, मंग लाकूड! सुटानं काम केलं!"

"बापूजी, मी सांगतो तुमाले, ते साहेब..."

"काई सांगू नको. मले समजलं. आजपासून तू मॅनेजर. आन आयक, हा सूट आता उतरवाचा नाई. डेपोवर रोज ह्योच घालाचा. आता मोठमोठे साहेब लोक येतीन, आपला मॅनेजर त्याईले सुटातच दिसला पाह्यजे. ज्या दिवशी धोतर दिसलं, त्या दिवशी पत्रू मॅनेजर!"

बँड वाजू लागला.

घरी कमळाबाईंनी कोटाची बटणं काढून दिली आणि वरचा खिसा चाचपला. "कांदा कुठी गेला जी?"

"साहेबाले देल्ला."

कमळाबाईंनी कोट हुंगला. नवऱ्याचा घाम त्यांना ओळखू येणार नाही तर कोणाला? सगळ्या प्रवासाचा घाम धोतराला होता; कोटाला जेमतेम एका दिवसाचा. त्यांनी लटारूजींकडे पाहिलं आणि लटारूजींनी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्यांनी तोंडाला पदर लावला. मग हसू आवरून म्हणाल्या, "मंग सांगा ना बापूजीले खरं."

"सांगतलं तं खुर्ची जाते वं."

"आन नाई सांगतलं तं?"

लटारूजींनी कोट सुरकुती न पडू देता खुंटीवर टांगला.

सोमवारी डेपोवर खुर्चीला झेंडूचा हार घातला होता. पोचूने तिच्या हातांवर तेल फिरवलं होतं. मुखरू दारात बाजूला सरून उभा राहिला. बापूजींनी स्वतः नारळ फोडला. "बस लटारू. तुयी खुर्ची."

लटारूजी खुर्चीपर्यंत गेले. दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी तिचे हात धरले. जन्मभर पुसलेलं ते वेत तळव्यांना गार लागलं. ते वाकले. अर्ध्यापर्यंत गेले. पाटलोण थांबली.

सगळा डेपो पाहत होता.

"मी... उभाच राह्यतो जी," लटारूजी सरळ होत म्हणाले. "उभ्यानं मालावर नजर चांगली राह्यते."

बापूजींचा ऊर भरून आला. असा मॅनेजर त्यांनी पाहिला नव्हता. आता मुनीमाची सतरंजी रिकामी झाली होती. ती त्यांनी तिथल्या तिथे पत्रूभाऊंना देऊन टाकली, म्हणजे घरीही शांतता राहील.

पत्रूभाऊ काम शिकायला दुसऱ्याच दिवशी आले. मुनीमाला सुटाची सक्ती नव्हती, म्हणून ते मलमलीच्या धोतरात आले. सतरंजीवर त्यांनी मांडी घालून पाहिली, पण सवय नव्हती. पायाला मुंग्या आल्या. ते उठले, इकडे तिकडे पाहिलं, आणि घोंगडीच्या सुटात घामाघूम होऊन दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरसाहेबांकडे वळले.

"लटारूभाऊ, तुमी तं बसत नाई," ते आदराने म्हणाले. "मंग ही खुर्ची मी घेऊ का?"